पनामा ते कार्ताहेना शिडाच्या बोटीतून: कोल्हापुरातून कुणी केलंय का?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी,
आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. तिघं कोल्हापुरात, चौथा न्यू जर्सीत. दरवर्षी ‘यंदा काहीतरी मोठं करायचं’ म्हणतो आणि शेवटी मालवणला सुरमई खाऊन परत येतो. यंदा न्यू जर्सीवाल्यानं एक खूळ काढलंय. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याला सान ब्लास नावाची ३६५ च्या आसपास बेटं आहेत, त्यातल्या पन्नासेकांवर वस्ती. वस्ती गुना आदिवासींची आणि कारभारही त्यांचाच. त्या भागाला ते गुना याला म्हणतात. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये दारिएनचं जंगल असल्यानं रस्ताच नाही. म्हणून पाठीवर सॅक टाकून फिरणारी पोरं शिडाच्या बोटीतून ही बेटं बघत बघत कोलंबियात कार्ताहेनाला उतरतात. चार रात्री, जेवण बोटीवरच, माणशी साडेपाचशे ते सातशे डॉलर.

मला विचारायचंय ते असं. हे सुरक्षित आहे का? कोल्हापुरातून निघून परत येईपर्यंत एकूण किती खर्च येईल? आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं काय होईल? आणि बायकोनं विचारलंय, “समुद्र बघायला चाललाय की माणसं बघायला?” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पंचगंगेचा_मासा:
रंकाळ्यात पॅडल बोट चालवताना संध्यामठावर आदळणारी माणसं आपण. आता कॅरिबियन! फोटो टाका म्हणजे झालं.

तांबडा_पांढरा:
भावा नाद खुळा! मी येतूय. पोहायला येत न्हाई, पण खायला येतंय.

निवृत्त_खलाशी:
आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, आता गडहिंग्लजला ऊस बघतो. सान ब्लासला उतरलेलो नाही, पण कालव्याच्या निमित्तानं त्या पाण्यातून गेलोय. म्हणून आधी वाऱ्याचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

तिथं डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा व्यापारी वारा जोरात असतो. कार्ताहेना पनामाच्या पूर्वेला. म्हणजे तुमच्या बेताप्रमाणे निघालात तर वारा आणि लाटा दोन्ही तोंडावर. शेवटची बेटं सोडली की तीस-चाळीस तास उघडा समुद्र, आणि तेवढा वेळ बोट नाक आपटत जाणार. अशा वेळी बरेच कप्तान शीड गुंडाळून इंजिन लावतात, मग शिडाचा प्रवास जाहिरातीपुरताच उरतो. हेच उलट करा. कार्ताहेनाहून निघा. वारा मागून येतो, बोट सरळ चालते, दीड-दोन दिवसांत प्रवाळाच्या कट्ट्याआड शिरता आणि पाणी शांत. आधी हाल, मग आराम.

मे उजाडला की वारा पडतो, पण पाऊस आणि विजा सुरू. चक्रीवादळं बहुतेक वेळा उत्तरेकडूनच निघून जातात, त्याची फार काळजी नको.

दुसरं, बोट निवडताना गादी किती मऊ ते विचारू नका. लाइफ राफ्ट आहे का आणि त्याची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली, लाइफ जॅकेटं जितकी माणसं तितकी आहेत का, संकटात उपग्रहाला खूण धाडणारं यंत्र (इपर्ब म्हणतात) आहे का, आणि कप्तानाशिवाय बोट हाकू शकणारा दुसरा माणूस आहे का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकटा माणूस लागोपाठ दोन रात्री पहारा देऊ शकत नाही, झोप लागतेच. जो कप्तान या प्रश्नांवर चिडतो त्याच्या बोटीत बसू नका.

राजारामपुरीकर:
काका, हे सोनं आहे. दिशेचा विचारच डोक्यात आला नव्हता.

डॉ_शाहूपुरी:
बोट लागण्याबद्दल. गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची. पोट रिकामं ठेवू नका आणि मिसळीनं भरूही नका. आतल्या केबिनमध्ये मोबाईल बघत बसलात की संपलात. वर डेकवर, मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर. ज्यांना फोंडा घाटात लागते त्यांनी दोनदा विचार करावा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिवळा ताप. पनामा आणि कोलंबिया हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. परत येताना लशीचं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग मात्र जन्मभर चालतं. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

पंचगंगेचा_मासा:
मिसळीनं पोट भरू नका, हे कोल्हापुरातल्या डॉक्टरानं लिहावं? सदस्यत्व रद्द करा यांचं.

अनुराधा_जे:
माहेर जयसिंगपूर, सध्या टेक्सास. मी आणि माझी मैत्रीण हा प्रवास करून आलोय, त्यामुळे जरा लांबण लावते.

बोट कुठली ते लिहीत नाही. आम्ही सगळ्यात स्वस्त बघितली होती. बाकांपेक्षा माणसं जास्त, त्यामुळे दोघांना डेकवर झोपावं लागलं आणि रात्री सर आली की ते भिजलेले दोघं आमच्या पायाशी. गोडं पाणी मोजून. संडासाला हातपंप, कागद टाकायचा नाही, पंप नीट नाही मारला तर सगळ्या बोटीला कळतं. कप्तान माणूस मजेशीर, पण संध्याकाळी रमची बाटली उघडली की ती संपेपर्यंत मजेशीर. खलाशी काकांनी सांगितलेला दुसरा माणूस आमच्या बोटीवर होता, एक शांत मुलगी. उघड्या समुद्रात रात्री सुकाणूवर तीच.

आता बेटं. पाण्याच्या रंगाबद्दल सगळे लिहितात, मी नाही लिहीत. नांगर टाकला की अर्ध्या तासात उलू येते, म्हणजे एकाच खोडाची कोरलेली होडी. त्यात बहुतेक वेळा एखादा माणूस मासे, शेवंड घेऊन, किंवा आई-मुलगी मोला (कापडाच्या थरांवर हातानं शिवलेली नक्षी) घेऊन. आधी बेटाची फी घेतात, पावतीसकट. मग विक्री. घासाघीस फार चालत नाही. माझ्या मैत्रिणीनं महाद्वार रोडच्या हिशेबानं निम्मी किंमत सांगितली, तर त्या बाईंनी कापड घडी करून पिशवीत ठेवलं आणि होडी वळवली. रागावल्या वगैरे नाहीत. विषय संपला त्यांच्यापुरता.

नियम बरेच आहेत. पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही, प्रत्येक झाडाला मालक आहे. नारळ हे त्यांचं पूर्वीपासूनचं चलनच, कोलंबियाच्या बोटी येऊन विकत घेतात. टाकी लावून डायव्हिंगला बंदी, शेवंड पकडणारे गुनाही श्वास रोखूनच बुडी मारतात. मार्च ते मे शेवंड बंद. माणसाचा फोटो विचारून, बहुतेक ठिकाणी एक डॉलर देऊन. बाहेरच्या माणसाला तिथं जमीन घेता येत नाही, म्हणूनच एवढ्या सुंदर जागी एकही पंचतारांकित हॉटेल नाही.

वस्तीच्या बेटावर एका संध्याकाळी गेलो, परवानगी काढून. घरं इतकी दाटीवाटीनं की दोन छपरांमधून आडवं चालावं लागतं. एका बाजूला पोरं बास्केटबॉल खेळत होती, ते त्यांचं भलतंच वेड. दुसऱ्या बाजूला सभागृह. मध्ये झुल्यात गावाचा प्रमुख, म्हणजे साइला, संथ सुरात गात होता. ते जुन्या प्रतीकांच्या भाषेत असतं, मग शेजारी बसलेला आर्गार उठून त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगतो. समोर बायका मोला शिवत बसलेल्या, एकीचा मोबाईल वाजला, ती बाहेर गेली. आम्हाला कुणी खास बघितलंही नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: कप्तानाला आधी लेखी कळवा. नारळाच्या दुधातला भात, तळलेली केळी (पिकलेली नव्हेत, कच्ची मोठी), घेवडा मिळतो. चौथ्या दिवशी लोणचं आठवतं. बाटली न्या.

तांबडा_पांढरा:
शेवंड म्हंजे लॉब्स्टरच न्हवं? मार्च ते मे कॅन्सल. खलाशी काका वाऱ्याचं बोलत्यात, मी शेवंडीचं बोलतूय, दोन्ही धरून तारीख काढा.

पेठेतला_पाव्हणा:
धाग्याला थोडा इतिहास. १९२५ च्या फेब्रुवारीत या लोकांनी पनामा सरकारविरुद्ध उठाव केला होता. सरकारच्या पोलिसांनी बेटांवर ठाणी टाकून बायकांचे मोला, नथी, हातापायातल्या मण्यांच्या माळा यांवर बंदी आणलेली, मुली वयात आल्यावरचे त्यांचे सोहळेही बंद पाडलेले. नेले कांतुले आणि सिमराल कोल्मन हे पुढारी. ठाणी उडवली, पोलीस मारले गेले, मग अमेरिकेची क्लीव्हलँड नावाची युद्धनौका मध्ये पडली आणि ४ मार्चला तिच्यावरच तह झाला. १९३८ मध्ये प्रदेशाला वेगळा दर्जा, १९५३ च्या कायद्यानं स्वतःचा कारभार. वस्त्र आणि दागिन्यासाठी बंदूक उचललेली माणसं आहेत ही, त्यांना ‘साधेभोळे’ समजून जाऊ नका.

अजून एक, त्या उठावाच्या झेंड्यावर स्वस्तिक आहे.

सनातन_सत्य:
बघा! म्हणजे मूळचे आपलेच. हजारो वर्षांपूर्वी भारतीय दर्यावर्दी तिथं पोचले होते याचा हा पुरावा.

पेठेतला_पाव्हणा:
नाही. ते त्याला जग निर्माण करणाऱ्या अष्टपादाची खूण मानतात. समुद्रात राहणाऱ्यांचं चिन्ह समुद्रातलं. आपल्याला प्रत्येक गोष्टीत आपण का दिसतो कोण जाणे.

सनातन_सत्य:
अष्टपाद म्हणजे अष्टभुजाच की.

पंचगंगेचा_मासा:
अंबाबाईच्या देवळासमोर राहून सांगतो, थांबा आता.

गंगावेस:
सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायला आलोय, माफ करा. मला हा प्रकारच पटत नाही. मी काही काळ अंदमानात नोकरीला होतो. तिथली ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. मोटारींचा ताफा निघायचा आणि काचेला नाकं लावून लोक शोधायचे. २०१२ मध्ये तो व्हिडिओ बाहेर आला, खाऊसाठी जारवा बायकांना नाचायला लावल्याचा, तेव्हा देशाला लाज वाटली. त्याआधी वाटत नव्हती. तिथल्याच उत्तर सेंटिनेल बेटावर २०१८ मध्ये एक अमेरिकन धर्मप्रसारक बेकायदा उतरला आणि जिवाला मुकला. २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन तिथं किनाऱ्यावर नारळ आणि कोल्ड्रिंकचा कॅन ठेवून आला, त्याला अटक झाली. १९५६ चा कायदा आहे, पाच सागरी मैलांच्या आत जायचं नाही, तरी.

‘आदिवासी बेटं’ हे शब्द सहलीच्या जाहिरातीत आले की माझ्या पोटात गोळा येतो. धागाकर्त्याच्या घरच्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर आहे.

अनुराधा_जे:
गंगावेस, जारवांबद्दल शंभर टक्के सहमत. पण दोन्ही एका तागडीत घालू नका. सेंटिनेलवरचे लोक बाण मारून ‘येऊ नका’ सांगतात. गुनांची स्वतःची काँग्रेस (पक्ष नव्हे, कारभार बघणारी महासभा) आहे, पनामाच्या संसदेत त्यांचे प्रतिनिधी आहेत, वकील-प्राध्यापक आहेत. ते ‘या, पण आमच्या अटीवर’ म्हणतात आणि फी लावतात. त्यांना नकार देता येतो आणि ते देतात. आपण त्यांच्या वतीनं नकार देणं हाही एक आगाऊपणाच.

गंगावेस:
काँग्रेसनं परवानगी दिली म्हणजे त्या होडीतल्या बाईनं दिली असं होत नाही. पैशाची गरज असणाऱ्यानं दिलेल्या होकाराला मी पूर्ण होकार म्हणत नाही. तिकडं स्वस्तातल्या बोटी येतात, त्यातले पाचशे डॉलर कप्तानाच्या खिशात जातात, बेटाला काय, नांगराची फी?

अनुराधा_जे:
हा मुद्दा मान्य. बोटीच्या पैशातला फार थोडा भाग बेटांवर राहतो. म्हणून मी हल्ली विचारणाऱ्यांना सांगते की शिडाची बोट हा एक पर्याय आहे. दुसरा असा की पनामा सिटीहून जीपनं कार्तीपर्यंत जा, तिथून गुनांच्याच होडीनं त्यांच्याच झोपड्यांत दोन-तीन रात्री राहा. पैसा सरळ त्यांना. समुद्र कमी, माणसं जास्त. वहिनींच्या प्रश्नाचं यात उत्तर मिळत नाही हे कबूल.

कापशीवाला:
आमचं घराणं चपलेचं. मोलाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली, सुरुवातीला कोल्हापूरचं नाव कुठंही नाही. ओरड झाली तेव्हा मान्य केलं. आपल्याकडं २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तरी ही गत. त्याच २०१९ च्या मे महिन्यात नायके कंपनी पोर्तो रिकोच्या नावानं एक बूट काढणार होती, त्यावरची नक्षी मोलाची निघाली. गुना लोकांनी आवाज उठवला आणि कंपनीनं बूट बाजारात आणलाच नाही. पनामात २००० सालीच आदिवासींच्या सामूहिक कलेच्या हक्काचा कायदा झालेला होता. आम्ही मात्र २०२५ मध्येही ‘नाव तरी घ्या’ एवढ्यावर होतो.

घेणार असाल तर मोला असा बघा. रंगीत कापडांचे थर एकावर एक ठेवतात, वरचा कापून खालचा रंग बाहेर काढतात आणि कापलेली कड आत दुमडून टाके घालतात. कड एकसारखी वळलेली आणि टाका जवळजवळ दिसेनासा असेल तर काम चांगलं. पाठ उलटून बघा. मशीनची शिलाई असेल तर ठेवून द्या. आणि ताईंनी लिहिलंय तसं, भाव पाडू नका. चपलेचा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आमच्या घरात काय बोललं जातं ते इथं लिहिता येणार नाही.

तांबडा_पांढरा:
लिवा की, संपादक झोपल्यात.

संपादक:
संपादक जागे आहेत.

चिखलीकर:
अनुराधाताईंनी दाटीवाटीच्या घरांचं लिहिलं त्यावरून. गार्दी सुगदुब नावाचं बेट याच भागात आहे. समुद्र चढतोय आणि जागा पुरत नाही म्हणून जून २०२४ मध्ये तिथल्या सुमारे ३०० कुटुंबांना मुख्य भूमीवर नवीन वसाहतीत नेलं, इस्बेर याला नाव. बातमी वाचली तेव्हा घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

आमच्या चिखलीला दर महापुरात तेच बोललं जातं. सोनतळीला जागा दिल्या आहेत, मग तिकडं का जात नाही? २०१९ ला माळ्यावरून होडीत उतरलो, २०२१ ला परत. जागा असून माणूस का हलत नाही हे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. गोठा इथं, मळा इथं, जनावरांना चार किलोमीटर लांबून वैरण कोण टाकणार? त्या बेटावरचे लोक तर मासे धरणारे, होडी दारात बांधणारे. त्यांना डोंगराकडच्या सिमेंटच्या घरात नेलंय. सगळेच गेले नाहीत, काही अजून बेटावरच आहेत म्हणे. मला नवल वाटलं नाही.

तुम्ही गेलात तर त्या नव्या वसाहतीत जाता येतं का बघा. कॅमेरा न घेता.

डॉ_शाहूपुरी:
चिखलीकर, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

त्याला एक दुसरी बाजूही आहे. जागा वाढवायला त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या प्रवाळ तोडून बेटांच्या कडेला भर टाकली. लाटा अडवणारा कट्टाच त्यामुळे झिजला. समुद्र चढवला आपण सगळ्यांनी, पण आडोसा थोडा त्यांनीही काढला.

चिखलीकर:
बरोबर आहे डॉक्टर. पूररेषेत आपल्याकडं कोण बांधतंय तेही बघतोच आपण.

मिरज_जंक्शन:
एवढं लांब कशाला? लक्षद्वीपला जा. ३६ बेटं, १० वर वस्ती, तिथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत, म्हणजे तुम्ही सुरुवातीला लिहिलेलं सगळं आलं. मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसनं एर्नाकुलम, कोचीहून जहाज, चौदा ते वीस तास. आधी परवाना काढावा लागतो. मिनिकॉयला भाषाही वेगळी, महल, बाकी मलयाळम. पिवळा ताप नाही, डॉलर नाही. बंगाराम सोडलं तर दारूही नाही.

तांबडा_पांढरा:
शेवटच्या वाक्यात चौघातले तीन गळाले.

निवृत्त_खलाशी:
लक्षद्वीपचं जहाज हे जहाज आहे. शिडाची बोट वेगळी. ज्याला वाऱ्यावर बोट चालताना ऐकायचंय त्याला जहाजात बसवून काय उपयोग? मात्र समुद्र सोसतो का हे तपासायला उत्तम. चौघांनी आधी तिथं जाऊन या.

घरजावई_१:
कुणीच मुद्द्याचं बोलत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे गुनांच्यात लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. मी गेली कैक वर्षं कळंब्याला सासुरवाडीत राहतोय आणि मित्रमंडळी टोमणे मारतात. माझी माणसं सापडली.

अनुराधा_जे:
खरं आहे ते. आणि नवा जावई सासऱ्याच्या हाताखाली राबतो. लाकडं तोडायला.

घरजावई_१:
मग जाऊ दे.

पंचगंगेचा_मासा:
‘समुद्र की माणसं’ या प्रश्नाला घरजावयानं अखेर उत्तर दिलं. हलकं घ्या.

सोनसळी:
वाचनमात्र होते, आता विचारते. मुलींनी एकटीनं गेलं तर? आणि व्हिसा?

अनुराधा_जे:
सोनसळी, एकट्या मुली भरपूर भेटल्या. बोट ठरवताना कप्तानाबद्दल आधी जाऊन आलेल्या बायकांनी काय लिहिलंय तेवढंच वाचा, पुरुषांनी लिहिलेलं ‘लई भारी माणूस’ सोडून द्या. शक्य असेल तर बंदरात प्रत्यक्ष भेटून मगच पैसे.

व्हिसा: अमेरिकेचा चालू, एकदा वापरलेला, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा पासपोर्टवर असेल तर दोन्ही देशांचं काम सोपं होतं. नसेल तर दोन्हींचे वेगळे काढा. नियम बदलत राहतात, तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करा. बोटीवर पासपोर्ट कप्तान गोळा करतो आणि शिक्के तोच मारून आणतो, तेव्हा घाबरू नका, पण प्रत जवळ ठेवा. आणि कुणाचंही पाकीट, पार्सल, ‘माझ्या भावाला दे’ घेऊ नका. कोलंबियाचं पाणी आहे ते.

राजारामपुरीकर:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. रविवारी आम्ही तिघं पन्हाळ्यावर बसलो, चौथा व्हिडिओवर. जे ठरलं ते लिहितो, चूक वाटलं तर बोला.

खर्च आधी, कारण कुणीच आकडा दिला नाही. मुंबईहून पनामाला सरळ विमान नाही, युरोपातून किंवा इस्तंबूलवरून जावं लागतं, जाऊन-येऊन लाख-सव्वा लाखाच्या घरात दिसतंय. बोट पन्नास-पंचावन्न हजार. लस, विमा, दोन्ही शहरांत हॉस्टेल, किरकोळ धरून माणशी अडीच लाखाला टेकतंय. ‘स्वस्तातली सहल’ ही फक्त बोटीपुरती. न्यू जर्सीवाल्याला निम्म्यात पडतंय, म्हणून पनामा सिटीतलं पहिलं जेवण त्याच्याकडं.

दिशा उलटी केली. कार्ताहेनाहून निघणार, मे संपल्यावर, वारा पडला की. (तांबडा पांढरा, शेवंडही सुटते तेव्हा.) बोट मधल्या दराची, दोन माणसं चालवणारी असेल तरच. पनामाला उतरल्यावर लगेच परत न फिरता कार्तीकडून दोन रात्री गुनांच्याच झोपडीत. गंगावेस यांचं समाधान होणार नाही हे माहीत आहे.

आमच्यातला एक मात्र गळाला. फोंडा घाटातला तोच. तो मिरज जंक्शन यांचं ऐकून घरच्यांना घेऊन लक्षद्वीपला चाललाय. चौथी जागा रिकामी आहे.

घरी हे सगळं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “जा, पण परत आल्यावर स्लाइड शो नको.”

गंगावेस:
समाधान नाही, पण झोपडीचा भाग बरा. कचरा बेटावर सोडू नका, प्लास्टिक सगळं बांधून परत आणा. तिथं घंटागाडी येत नाही.

तांबडा_पांढरा:
चौथी जागा माझी. शेवंड आली न्हवं? पोहायला कुठं शिकवत्यात सांगा, वय ४१.

निवृत्त_खलाशी:
पोहायला शिकाच, पण बोटीतून पडलात तर पोहण्यापेक्षा अंगावर जॅकेट असणं कामाला येतं. रात्री डेकवर एकट्यानं लघवीला उभं राहायचं नाही. हसू नका, बोटीवरून माणसं अशीही पडतात.

डॉ_शाहूपुरी:
लस निघायच्या महिनाभर आधी घ्या, सगळ्याच केंद्रांवर रोज देत नाहीत, आधी वेळ ठरवावी लागते. आणि चौघांची कार्डं ज्याच्या त्याच्या पासपोर्टमध्ये. एकाच सॅकेत नकोत.